गाणे कुणाचे? : पडद्यावरचे गवई आणि कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर

गायकाची गोष्ट सांगणारे चित्रपट मला पहिल्यापासून ओढतात. गेल्या वर्षभरात ते मी जरा शिस्तीने, वहीत टिपणे काढत पाहिले. ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘बैजू बावरा’ (१९५२), ‘बसंत बहार’ (१९५६), ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५), ‘द डिसायपल’ (२०२०) आणि ‘मी वसंतराव’ (२०२२) हे सहा चित्रपट. ‘बंदिश बँडिट्स’ या वेबमालिकेची दोन्ही पर्वे. आणि मराठी ‘सा रे ग म प’च्या २००८-०९ मधल्या ‘लिटल चॅम्प्स’ पर्वाचे आज सापडतात तेवढे भाग. जोडीला ऐकणे चालू होतेच. अब्दुल करीम खाँ, रहिमत खाँ आणि द. वि. पलुस्कर यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका आता मोबाइलवर मिळतात. रात्री जेवणे झाली की एक चित्रपट किंवा मालिकेचे दोन भाग, आणि झोपण्यापूर्वी दोन-तीन ध्वनिमुद्रिका, असा क्रम पावसाळाभर चालला.

मी गायक नाही. बँकेतली नोकरी संपवून शिरोळात राहतो आणि भजनाला पेटीची साथ करण्यापुरते सूर मला कळतात. त्यामुळे या लेखात रागचिकित्सा नाही, चित्रपटांची समीक्षाही नाही. टिपणे वाचताना एक प्रश्न सगळीकडे दिसला, तो मांडायचा आहे. गाणे कुणाच्या मालकीचे? ते कोणी गावे, कोणाला शिकवावे, कोणाच्या कानावर पडावे? वरची प्रत्येक कलाकृती या प्रश्नाला आपापले उत्तर देते. गंमत अशी, की आमच्याच तालुक्यात जन्मलेल्या एका माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्षात देऊन ठेवले आहे. पडद्यावरची उत्तरे आणि त्या माणसाचे उत्तर शेजारी ठेवून पाहावे, एवढाच हेतू.

एका गावातले दोन गवई

शिरोळहून नृसिंहवाडीला यावे, कृष्णा-पंचगंगेचा संगम पाहावा आणि पंचगंगेवरचा पूल ओलांडावा, की कुरुंदवाड लागते. पटवर्धनांच्या एका शाखेचे हे संस्थान. येथे १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णु दिगंबर पलुस्कर जन्मले. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. मुलगा लहान असताना दत्तजयंतीच्या दिवसांत तोंडाजवळ फटाका उडाला आणि डोळे अधू झाले. शाळेचा मार्ग बंद झाला, तेव्हा मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने त्याला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला ठेवले. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणून रुजवली ती बाळकृष्णबुवांनी. त्यासाठी त्यांनी तरुणपणी घर सोडून दूरदेशी अपार हाल सोसले होते. विद्या मिळवायची तर गुरूच्या दारात पडून राहायचे आणि तो देईल तेव्हा, देईल तेवढे घ्यायचे, हीच त्या काळची रीत.

याच कुरुंदवाडात आणखी एका मोठ्या गवयाची अखेर झाली. ते रहिमत खाँ, ग्वाल्हेरच्या हद्दू खाँचे चिरंजीव. सर्कशीचे संस्थापक विष्णुपंत छत्रे हे हद्दू खाँकडे गाणे शिकलेले. विपन्नावस्थेत भटकणाऱ्या या गुरुपुत्राला छत्र्यांनी आपल्याजवळ आणले आणि सर्कशीच्या मुक्कामांबरोबर खाँसाहेबांचे गाणेही गावोगाव पोचले. विष्णुपंत गेल्यावर त्यांच्या बंधूंनी सांभाळ केला. १९२२ मध्ये रहिमत खाँ कुरुंदवाडात वारले. अखेरच्या वर्षांत त्यांच्या काही ध्वनिमुद्रिका निघाल्या, म्हणून तो आवाज आज आपल्याला ऐकता तरी येतो.

पटकथा लिहिणाऱ्यासमोर ही दोन आयुष्ये ठेवली तर तो कोणते उचलेल, हे सांगायला नको. अफूची तंद्री, हरवलेले घराणे, सर्कशीचा तंबू आणि त्यातून उमटणारा अलौकिक स्वर! रहिमत खाँ पडद्यासाठीच जन्मले होते म्हणावे लागते. विष्णु दिगंबरांच्या आयुष्यात मात्र वर्ग आहेत, फी आहे, छापखाना आहे, अभ्यासक्रम आहे आणि कर्ज आहे. मी पाहिलेल्या कलाकृतींमध्ये पहिल्या जातीचे गवई भेटतात. दुसऱ्या जातीचा माणूस त्यांत जवळजवळ दिसत नाही. मला वाटते, ही उणीव साधी नाही. गाण्याबद्दल आपण काय समजून बसलो आहोत, ते तिच्यातून कळते.

बंदी : ‘बैजू बावरा’

विजय भट्ट यांच्या ‘बैजू बावरा’ची गोष्ट एका बंदीपासून सुरू होते. तानसेनापेक्षा सरस गात असेल त्यानेच त्याच्या नगरीत गावे. भजन गात चाललेल्या बैजूच्या वडिलांना पहारेकरी अडवतात आणि त्या झटापटीत ते मरतात. पुढचा सारा चित्रपट म्हणजे या मृत्यूचा सूड. शेवटी अकबराच्या समोर तानसेन आणि बैजू यांचा सामना होतो, पणाला प्राण असतात आणि बैजूच्या गाण्याने संगमरवर वितळतो.

या सामन्यासाठी नौशाद यांनी दोन खरे गवई बोलावले. तानसेनाचा आवाज उस्ताद अमीर खाँ यांचा आणि बैजूचा आवाज द. वि. पलुस्करांचा. राग देसी. द. वि. म्हणजे दत्तात्रेय विष्णु, विष्णु दिगंबरांचे चिरंजीव. विष्णु दिगंबरांची बाकीची मुले लहानपणीच गेली होती. १९२१ मध्ये जन्मलेला हा एक मुलगा जगला. वडील वारले तेव्हा तो जेमतेम दहा वर्षांचा होता, म्हणून त्याचे पुढचे शिक्षण विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास या वडिलांच्या शिष्यांकडे झाले. १९५५ मध्ये चौतिसाव्या वर्षी तोही गेला. ‘बैजू बावरा’ हा त्याच्या आवाजाचा सर्वांत दूरवर पोचलेला ठेवा. ज्यांनी त्याची एकही मैफल ऐकली नाही, त्यांनीही तो आवाज बैजूचा म्हणून ऐकलेला असतो.

मी हा प्रसंग या वर्षी चार-पाच वेळा लावला, आणि दर वेळी गाण्यापेक्षा त्यामागचा योगायोग मनात राहिला. ज्या माणसाने गाण्याचे दार सर्वांसाठी उघडले, त्याचा मुलगा ज्या चित्रपटात गायला त्यात रस्त्यावर गाणे हाच गुन्हा आहे. बरे, ती बंदी मोडायला बैजूलाही वैयक्तिक श्रेष्ठत्वाचाच मार्ग घ्यावा लागतो. त्याला तानसेनाहून मोठे व्हावे लागते, तेव्हा कुठे न्याय मिळतो. सामान्य आवाजाच्या माणसानेही गावे की नाही, हा प्रश्न चित्रपटाला पडत नाही.

चोरी : ‘कट्यार’

पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ मध्ये रंगमंचावर आले. संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचे आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत डॉ. वसंतराव देशपांडे. सुबोध भावे यांच्या २०१५ मधल्या चित्रपटात ती भूमिका सचिन पिळगावकरांनी केली आणि तिला आवाज दिला वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी. चित्रपटात मिरजेचाही धागा आहे. पंडितजी खाँसाहेबांचे गाणे मिरजेत ऐकतात आणि त्यांना विश्रामपूरला घेऊन येतात. पुढे दरसालच्या सामन्यात हाच पाहुणा यजमानाचा प्रतिस्पर्धी होतो.

येथे बंदी नाही, पण कुलूप आहे. गायकी ही घराण्याची मिरास. बाहेरच्याला ती मिळणार नाही. म्हणून सदाशिव नावाचा तरुण खाँसाहेबांच्या हवेलीत शिरून ती चोरून उचलू पाहतो. विद्या आणि कला यांतला भेद हा दारव्हेकरांच्या नाटकाचा कणा आहे आणि तो अजूनही ताठ आहे. मला मात्र त्याआधीची पायरी अस्वस्थ करते. शिकण्यासाठी चोरी का करावी लागावी?

‘बंदिश बँडिट्स’मध्ये हेच कुलूप नव्या रूपात येते. जोधपूरच्या घराण्याचा नातू राधे पॉप गायला जातो तो तोंडावर मुखवटा चढवून, कारण आजोबांना कळले तर घराण्याचे दार बंद होईल. सदाशिव आत शिरण्यासाठी लपतो, राधे बाहेर पडण्यासाठी लपतो. पहिल्या पर्वाचा शेवट पुन्हा सामन्यात होतो आणि दुसऱ्या पर्वाचा शेवटही.

हे चित्रण निराधार नाही. चिजा लपवून ठेवणारे, अस्ताई शिकवून अंतरा हातचा राखणारे गवई होऊन गेले. चीज ही पोटाची शिदोरी होती आणि ती दिली की आपले मोल संपले, ही भीती खरी होती. पण या कुलपाची गोष्ट जितक्या वेळा सांगितली गेली, तितक्या वेळा ते कुलूप काढणाऱ्याची सांगितली गेली नाही.

दार उघडणारा माणूस

विष्णु दिगंबरांच्या चरित्रांत मिरजेतला एक प्रसंग येतो. गावातल्या एका समारंभाला संस्थानिकांच्या मर्जीतले म्हणून विष्णूला निमंत्रण आले, गुरूंना आले नाही. चौकशी केली तेव्हा, ते तर गाणारे, असा अर्थाचे उत्तर मिळाले. ज्या विद्येसाठी बुवांनी आयुष्य झिजवले, तिची समाजातली किंमत ही! १८९६ मध्ये विष्णु दिगंबर मिरज सोडून निघाले ते हा सल घेऊन.

दरबाराची वाट न पाहता तिकीट लावून जाहीर जलसे करायला त्यांनी सुरुवात केली. आज ही गोष्ट इतकी साधी वाटते, की तिच्यातला बदल लक्षात येत नाही. दरबारात गवई कोणासमोर गाणार हे राजा ठरवतो. तिकीट लावले की आठ आण्यांचा श्रोताही गाण्याचा हक्काचा ऐकणारा होतो. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. ते कोणा एका राजाच्या पदरी नव्हते. वर्गणीवर, फीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर चालत होते. ठरलेल्या वेळेला वर्ग, पायरीपायरीचा अभ्यासक्रम, स्वतःची स्वरलेखनपद्धती, छापील पुस्तके, ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिक, स्त्रियांना शिकण्याची सोय, आणि पुढे शिकवायला बाहेर पडतील अशा शिष्यांसाठी वेगळी तालीम. १९०८ मध्ये ते मुंबईत आले. तिथे विद्यालयाची मोठी वास्तू उभी केली आणि कर्जापायी ती गमावलीही. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे देहावसान झाले. शिष्यांनी त्याच वर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या परीक्षा आज गावोगावची मुले देतात, ती या मंडळाची.

छापलेल्या पुस्तकात चीज आली, की ती चोरायचे कारण राहत नाही. ‘कट्यार’मधला सदाशिव लाहोरच्या वर्गात फी भरून बसला असता, आणि नाटक घडलेच नसते! मी हे थट्टेने म्हणतो. पण अनेक घरांत गाणे अशाच बिननाट्याच्या वाटेने आले. पेटीचा वर्ग, शनिवार-रविवारची शिकवणी, परीक्षेचा फॉर्म आणि प्रमाणपत्राची चौकट.

या पद्धतीवर टीका झाली, आणि ती रास्तही आहे. परीक्षा देऊन गवई होत नाही. स्वरलिपीत मींड उतरत नाही. विशारद झालेल्यांपैकी मैफल रंगवू शकणारे किती, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. यावर तानसेन घडोत न घडोत, कानसेन घडले पाहिजेत, असा विचार विष्णु दिगंबरांच्या नावावर सांगितला जातो. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव, नारायणराव, बी. आर. देवधर हे शिष्य पाहिले तर तानसेनांचीही वाण नव्हती. पण या वाक्यातला मोठा पल्ला कानसेनांचा आहे. ऐकणारा तयार करणे हेही संगीतकार्य आहे, असे त्यात गृहीत धरलेले आहे.

विजय दिसतो कसा

मग चित्रपटांना सामनाच का लागतो? टिपणे चाळताना मला याचे एक व्यावहारिक कारण सापडले. ख्याल हा अर्धा-पाऊण तासाचा ऐवज आहे. त्यातली खरी उत्कंठा, एखादा स्वर किती उशिरा येतो, आला तेव्हा कसा लागतो, यात असते. चित्रपटाजवळ चार-पाच मिनिटे असतात आणि समोर राग न ओळखणारा प्रेक्षकही बसलेला असतो. त्याला श्रेष्ठत्व डोळ्यांनी दिसले पाहिजे. म्हणून लय वाढते, ताना एकमेकींच्या अंगावर येतात, सभेतले चेहरे चकित होतात आणि शेवटी दगड वितळतो. कानाचे काम डोळ्यांवर सोपवले जाते.

यात कधी कधी मोठी मौज होते. ‘बसंत बहार’मध्ये नायकाला मन्ना डे यांचा आवाज होता आणि हरणाऱ्या गवयाला पं. भीमसेन जोशींचा. भीमसेनांना हरवायचे या कल्पनेनेच आपल्याला घाम फुटला होता, असे मन्ना डे सांगत. पडद्यावरचा निकाल कथेने ठरवलेला असतो, गळ्याने नव्हे. हे प्रेक्षकालाही ठाऊक असते आणि तरी तो श्वास रोखतो.

वेळ कमी म्हणून सामनाच हवा, असे मात्र नाही. अब्दुल करीम खाँ यांच्या १९३० च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिका साडेतीन मिनिटांच्या आत संपतात. तेवढ्यात ते घाई करत नाहीत. एक-दोन स्वरसंगतींत रागाचा चेहरा दाखवतात आणि थांबतात. तबकडीची मर्यादा त्यांनी जिंकण्यासाठी वापरली नाही, निवडण्यासाठी वापरली.

दूरचित्रवाणीने सामन्याला एक नवा घटक दिला, तो म्हणजे मत. ‘लिटल चॅम्प्स’च्या त्या पर्वात कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे, रोहित राऊत ही मुले गात होती आणि घराघरांतून एसएमएस जात होते. त्या मुलांच्या गुणवत्तेबद्दल शंका नाही. आज पुन्हा ऐकतानाही कित्येक जागी दाद जाते. त्या कार्यक्रमाने नाट्यगीत आणि अभंग पुन्हा घरोघर नेले, हेही खरे. पण ऐकणारा तेथे मतदार झाला. गाणे संपताक्षणी गुण यायचे, आणि गाण्यानंतर जी शांतता असायला हवी ती आकड्याने भरून जायची.

आमच्या आळीत एक मुलगी प्रवेशिकेपर्यंत छान शिकली होती. आवाज गोड, तालाला पक्की. घरच्यांनी तिला एका वाहिनीच्या चाचणीला नेले. निवड झाली नाही. पुढच्या महिन्यापासून वर्ग बंद. टीव्हीवर जायचे नाही तर शिकून करायचे काय, असा सरळ हिशेब होता. त्यांना मी दोष देत नाही. गाणे म्हणजे सामना, हे आपण पडद्यावर ‘बैजू बावरा’पासून पाहत आलो आहोत. सामना हरला की गाणे संपते, ही त्याची पुढची पायरी. ज्या तालुक्याने विष्णु दिगंबरांना जन्म दिला, तेथेही ही पायरी आता कोणाला खटकत नाही.

दार उघडे आहे, तरी

या सगळ्या पार्श्वभूमीवर चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ पाहावा. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला २०२० मध्ये पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि दुसऱ्या वर्षी तो नेटफ्लिक्सवर आला. नायक शरद नेरुळकर (आदित्य मोडक) मुंबईत शास्त्रीय गायन शिकतो आहे. त्याच्यावर कोणी बंदी घातलेली नाही, त्याला काही चोरावेही लागत नाही. गुरुजी शिकवतात, तो त्यांची सेवा करतो, जुन्या दुर्मीळ मुद्रणांचे जतन करण्याची नोकरी करतो, आणि रात्री मोटारसायकलवरून फिरताना कानात माईंच्या भाषणांच्या ध्वनिफिती लावतो. गुरुजींची भूमिका करणारे अरुण द्रविड हे स्वतः मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकरांकडे शिकलेले, म्हणजे कोल्हापूर दरबारी असलेल्या अल्लादिया खाँच्या परंपरेतले. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा.

सगळे उपलब्ध आहे, कष्टही आहेत, निष्ठाही आहे. तरी गाणे येत नाही. स्पर्धेत नाव लागत नाही, वर्षे जातात, अंगावर वय चढते आणि एका मैफलीतून शरद मध्येच उठून जातो. कॅमेरा लांबवर स्थिर असतो. तो कोणाच्या चेहऱ्यावरची दाद टिपायला धावत नाही. येथे दगड वितळत नाही. विष्णु दिगंबरांनी दार उघडल्यानंतरची ही गोष्ट आहे, म्हणून ती मला सर्वांत जवळची वाटली. दार उघडल्यावर आत शिरलेल्या शंभरांतल्या नव्व्याण्णवांचे काय होते, हे विचारणारा मी पाहिलेला हा पहिलाच चित्रपट.

एका ठिकाणी माझे त्याच्याशी जमत नाही. शेवटी शरद गायचे थांबवून जुने संगीत लोकांपर्यंत पोचवण्याच्या कामाला लागतो, आणि चित्रपटाचा सूर हा पराभवाचा आहे. शरदच्या बाजूने पाहिले तर तो पराभव आहेच. पण संगीताच्या बाजूने पाहिले तर? कोणीतरी जपल्या म्हणून तर रहिमत खाँच्या तबकड्या आज मला शिरोळात बसून ऐकता येतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराचे पाणी आमच्या घरात शिरले, तेव्हा तीस वर्षांत जमवलेल्या दीडशेच्या वर कॅसेटी गेल्या. पाणी ओसरल्यावर फिती चिखलाने चिकटून बसल्या होत्या. त्यातले बरेचसे संगीत मला पुढे परत मिळाले, ते कुठल्या तरी अनोळखी संग्राहकाने वेळ काढून ते संगणकावर उतरवले आणि सर्वांसाठी खुले ठेवले म्हणून. अशा माणसाचे नाव मैफलीच्या पत्रिकेत कधी येत नाही. त्याला हरलेला गायक म्हणावे, असे मला वाटत नाही.

‘मी वसंतराव’ या प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने येतो. निपुण धर्माधिकारी यांच्या या चित्रपटात राहुल देशपांडे यांनी आपल्या आजोबांची भूमिका केली आहे. वसंतराव लहानपणी भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’मध्ये बाळकृष्ण झाले होते, पण नंतर त्यांची कित्येक वर्षे लष्करी हिशेबखात्यातल्या नोकरीत गेली. दिवसा फायली आणि रात्री गाणे. अनेकांकडून शिकल्यामुळे घराणे कोणते या प्रश्नाला त्यांच्याकडे सोपे उत्तर नव्हते. बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला चित्रपटातली कचेरीची दृश्ये मैफलींइतकीच भिडली. नोकरी करणारा माणूस मोठा गवई होऊ शकतो, यापेक्षा, गाणे आणि पोट यांचा हिशेब आयुष्यभर जुळवत राहावा लागतो, हे तो चित्रपट अधिक खरेपणाने सांगतो.

ऐकणाऱ्याची जागा

आता सर्वांत जुना चित्रपट. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झाली. तिचा १९३२ मधला ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट, आणि त्यात हरिश्चंद्राची भूमिका व संगीत दोन्ही गोविंदराव टेंब्यांचे. अल्लादिया खाँचा सहवास लाभलेला हा पेटीवादक बोलपटाच्या पहिल्याच पावलाला तेथे होता. पुढे कंपनी पुण्याला गेली आणि दामले-फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ केला. तो मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला.

‘गाणे कुणाचे’ हा प्रश्न या चित्रपटाने सुरुवातीलाच मांडला आहे. तुकाराम गातात आणि तेच अभंग सालोमालो आपले म्हणून मिरवतो. विष्णुपंत पागनीसांच्या गाण्यात अलंकार जवळजवळ नाहीत. सालोमालोचे गाणे नाटकी, हावभावांचे, दाद मागणारे. केशवराव भोळे यांनी संगीतातूनच दोघांच्या वृत्ती वेगळ्या केल्या आहेत. येथेही चोरी आहे, पण ‘कट्यार’च्या उलट्या दिशेची. गाणारा देत सुटला आहे, आणि चोर त्यावर मालकी सांगतो. तुकारामांच्या अभंगांवर सालोमालोची मालकी का टिकत नाही? कारण ते अभंग आधीच लोकांच्या तोंडी गेलेले असतात. चित्रपटाच्या आरंभीचे पद शांताराम आठवले यांनी लिहिलेले, पण कित्येकांनी ते तुकारामांचेच समजून म्हटले. लोकांनी आपलेसे केलेल्या गाण्याचा कर्ताही असा मागे सरतो.

हे मला समजायला फार लांब जावे लागत नाही. नृसिंहवाडीला पालखीच्या वेळी पदे म्हटली जातात. वासुदेवानंद सरस्वतींची करुणात्रिपदी म्हणताना पुजारी, दर्शनाला आलेला शेतकरी, सुट्टीला आलेली नात, सगळ्यांचे आवाज त्यात असतात. काही सुरात, काही बेसूर. त्यात कोणी जिंकत नाही. तिकडे मिरजेत ख्वाजा शमना मिरांच्या उरुसात, अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या सभेत, नामवंत गवई दर्ग्याच्या आवारात हजेरी लावतात. हजेरी हा शब्दच पाहा. त्यात प्रयोग नाही, सामना नाही. श्रोते जमिनीवर बसतात. त्यांत सतारमेकर गल्लीतले कारागीरही असतात. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगारांचे हात एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले आणि पंढरपूर भागातल्या भोपळ्यांचे तंबोरे होऊ लागले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. जवार जुळवणाऱ्या त्या कारागिराचा कान एखाद्या परीक्षकापेक्षा कमी तयार असेल, असे कोण म्हणेल?

या सगळ्यांना गाण्यात जागा आहे. चित्रपटाला ती दिसत नाही, कारण तिच्यात नाट्य कमी आहे. कोणी कोणाला हरवत नाही, म्हणून कॅमेरा कोठे ठेवावा हे कळत नाही. तरी ‘संत तुकाराम’ने ऐकणाऱ्यांकडे पाहिले होते, आणि ‘द डिसायपल’ने न जिंकणाऱ्याकडे. मधल्या चौऱ्याऐंशी वर्षांत आपल्या पडद्यावर बहुतेक काळ सामनेच झाले. ते मी आवडीने पाहिले आणि पुढेही पाहीन. देसीतला तो सामना लागला तर कान आपोआप तिकडे जातात.

पण मुलांना गाण्याला घालताना आपण कोणती गोष्ट मनात धरतो, हे तपासायला हवे. बैजूची धरली तर शंभरांतली नव्व्याण्णव मुले हरणार, हे आधीच ठरलेले आहे. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबरांची धरली तर प्रवेशिकेपर्यंत शिकलेल्या मुलीचेही काही वाया गेलेले नसते. तिला यमन ओळखता येतो. पुढे चाळीस वर्षे तो तिच्या कानावर पडेल तेव्हा ती हातातले काम क्षणभर थांबवेल. अशी माणसे गावात असली, तर गवयाला गाण्यासाठी गाव राहते.